ब तुकडीचा प्रयोग

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही सगळे शिक्षक घराकडे वळायचो आणि भिंगारदिवे सर फाट्याकडे. खांद्याला रेक्झिनची बॅग, हातात डब्याची पिशवी. फाट्यावर नगरची एस.टी. थांबली तर थांबली, नाही तर येईल त्या ट्रकला हात करायचा. नगरच्या एका अध्यापक महाविद्यालयात त्यांनी एम.एड.ला नाव घातलं होतं. नोकरदार शिक्षकांसाठी अर्धवेळ अभ्यासक्रम होता. शनिवारी दुपारी आणि रविवारी दिवसभर तास. विशेष विषय विज्ञान शिक्षण. साल चौऱ्याण्णव, आणि सर तेव्हा चाळिशीला टेकलेले.

मी त्याच शाळेत मराठी शिकवायचे. माझं माहेर देवळाली प्रवऱ्याचं, कालव्याकाठचं. संस्थेने मला कर्जत तालुक्याच्या या कोरड्या टोकाला पाठवलं तेव्हा पहिले सहा महिने मी नुसती रडत होते. गावात ज्यांच्याशी चार शब्द बोलावेत असं वाटायचं त्यात भिंगारदिवे सर होते. शिवाय त्यांच्या लेखनातले ऱ्हस्वदीर्घ तपासायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे त्यांच्या एम.एड.चं सगळं मला माहीत आहे. कदाचित त्यांच्या घरच्यांपेक्षाही जास्त.

त्यांचं नाव भीमराज. त्यांच्या वस्तीने धम्म घेतला त्याच साली जन्मले म्हणून हे नाव. वडील लवकर गेले. आई बनाबाई. बहात्तरच्या दुष्काळात या बाईने पाझर तलावाच्या कामावर खडी फोडली आणि मुलाला नगरच्या वसतिगृहात ठेवलं. तो बी.एस्सी., बी.एड. होऊन आपल्याच तालुक्यात सर म्हणून परत आला, तेव्हा बनाबाईंनी हातातला खोऱ्या ठेवला तो ठेवलाच.

"आता या वयात कसली परीक्षा देताय?" हेडमास्तर विचारायचे. "खुर्चीवर डोळा दिसतोय आमच्या!"

दुसरे एक सर म्हणायचे, "त्यांना काय, सवलत असेल." सवलत काही नव्हती. भिंगारदिवे सर कुणाला तसं सांगायलाही जात नसत.

मला त्यांनी खरं कारण सांगितलं होतं. आदल्या वर्षी शाळा तपासणी झाली होती. साहेबांनी नववीतल्या एका मुलाला उभं केलं आणि बाष्पीभवनाची व्याख्या विचारली. मुलाने एका दमात म्हणून दाखवली. साहेब खूष. सहज म्हणून पुढे विचारलं, "आत्ता शिपायाने ही फरशी पुसली. वाळली. मग पाणी कुठं गेलं रे?"

"फरशीनं पिलं, सर."

साहेब हसले. हेडमास्तर हसले, मीही हसले. भिंगारदिवे सर तेवढे हसले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "मॅडम, त्या पोराला मी दोन वर्षं शिकवतोय. त्याच्या डोक्यात काय आहे हे मला माहीतच नव्हतं. मग मी वर्गात कुणाशी बोलत होतो?"

एम.एड.चं मूळ हे असं. नोकरीत वर चढायचं नव्हतं असं मी म्हणणार नाही. तेही होतं. डी.एड. कॉलेजं तेव्हा नव्याने निघत होती आणि एम.एड. झालेल्याला तिथे जागा मिळायची. पण सर बोलायचे ते फरशीबद्दलच.

महाविद्यालयात त्यांना मार्गदर्शक मिळाल्या पाटणकर बाई. मोठ्या मनाची बाई. त्यांनी सरांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग तोच विषय घ्या की लघुप्रबंधाला. मुलांना बाष्पीभवनाबद्दल खरोखर काय वाटतं, ते त्यांनाच विचारा आणि लिहून काढा." सर त्या रविवारी परत आले ते जणू जिल्हाधिकारी होऊनच आले.

मग ते मधल्या सुट्टीत नववीतल्या एकेका मुलाला लिंबाखाली बसवायचे आणि विचारायचे. धुणं वाळतं तेव्हा पाणी कुठे जातं? घाम कुठे जातो? तळं आटतं म्हणजे काय होतं? मुलं आधी घाबरली. चुकलं तर मार बसेल असं त्यांना वाटायचं. मार नाही म्हटल्यावर बोलायला लागली. कुणी म्हणे पाणी सूर्य पितो. कुणी म्हणे जमिनीत मुरतं आणि बोअरला लागतं. एकाचं म्हणणं, घाम परत अंगातच जातो, म्हणून तर माणूस मरत नाही.

आणि एक होती चांगुणा. नववी ब. तिचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे ते उन्हाळा लागल्यावर परत यायचे. पोरगी आजीपाशी, रंगुबाईपाशी राहायची. ती म्हणाली, "सर, पानी कुटं जात न्हाई. हितंच असतं, पन दिसंना व्हतं. म्हनून तर धुन्याजवळनं गेलं की गार लागतं."

"तुला कुणी सांगितलं हे?"

"कुनी न्हाई. मला वाटतं तसं."

सरांनी ते कागद मला तपासायला दिले तेव्हा या उत्तराखाली तीन रेघा मारलेल्या होत्या.

लेखी पेपर त्यांनी पंचाण्णव साली दिले आणि सगळ्यात पास झाले. उरला फक्त लघुप्रबंध. पण बनाबाईंना लघुप्रबंध कुठला कळायला? मुलगा पास झाला एवढं त्यांनी ऐकलं आणि अख्ख्या वस्तीत साखर वाटली. "माजा भीमा यम्येड झाला," असं त्या दळणाच्या गिरणीवरसुद्धा सांगायच्या. सर म्हणाले, "आई, अजून एक काम राहिलंय." बनाबाई म्हणाल्या, "व्हईल की त्ये बी." सरांनी पुढे तो विषय काढला नाही. चार महिन्यांत होईलच पुरं, असा त्यांचा हिशेब होता.

त्याच उन्हाळ्यात पाटणकर बाईंच्या यजमानांची नागपूरला बदली झाली आणि बाई नोकरी सोडून गेल्या. सर दुसऱ्या मार्गदर्शकांकडे गेले. त्यांचं नाव निमसे सर. वाईट माणूस नव्हता, पण सवयीने काम करणारा. त्यांनी मुलांच्या मुलाखतींचे कागद चाळले आणि बाजूला ठेवले.

"या गप्पा झाल्या. यात संशोधन कुठंय? दोन गट घ्या. एकाला प्रयोग करून शिकवा, दुसऱ्याला नुसतं पुस्तकातून. आधी चाचणी, नंतर चाचणी. मध्यमान, प्रमाण विचलन, टी मूल्य काढा. तुमचा प्रबंध झाला."

"पण सर, मुलं काय विचार करतात..."

"ते प्रस्तावनेत टाका."

सरांना वाईट वाटलं, पण ते कामाला लागले. उन्हाळ्यात पहिल्या मुलांची नववी संपली होती. तीन जणी आणि दोघे मात्र नापास होऊन नववीतच राहिले होते. त्यात चांगुणा होती. गणितात गेली होती.

शहाण्णवच्या जानेवारीत प्रयोग सुरू झाला. आमच्याकडे नववीच्या दोन तुकड्या. अ म्हणजे गावातली, बऱ्या मार्कांची मुलं. ब म्हणजे वस्त्यांवरची, धनगरवाड्यावरची, उशिरा नाव घातलेली, आईबाप तोडीला गेलेली. कुठली तुकडी कुठल्या गटात हे सरांनी नाणं उडवून ठरवलं. प्रयोग निघाला अ तुकडीच्या वाट्याला. ब झाली नियंत्रित गट. म्हणजे तिला नुसतं पुस्तक.

प्रयोगशाळेचं कपाट कितीतरी वर्षांनी उघडलं. सरांनी तुरीच्या काडीला मधोमध दोरा बांधून तराजू केला आणि दोन्ही टोकांना सारख्या ओल्या चिंध्या लावल्या. एक चिंधी उन्हात येईल, एक सावलीत राहील असा तो टांगला. पोरं डोळे लावून बसायची. उन्हातली चिंधी हळूहळू वर उचलली जायची आणि वर्ग ओरडायचा. त्यांनी हातावर स्पिरिट लावलं. ताटात आणि बाटलीत सारखंच पाणी ठेवून आधी कुठलं आटतं ते पाहिलं. माझा शेजारच्या वर्गात तास असायचा आणि व्याकरण शिकवताना माझंच लक्ष तिकडे लागायचं.

पुढचा तास ब तुकडीवर. तिथे तेच सर फळ्यावर व्याख्या लिहायचे. 'द्रवाचे वायूत रूपांतर होण्याच्या क्रियेस...' मुलं उतरवून घ्यायची. कुणी काही विचारलं तर सर म्हणायचे, "पुस्तकात बघ."

हे ब तुकडीच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. अ चा विज्ञानाचा तास चालू झाला की ब ची मुलं पाणी प्यायला, लघवीला जायचं म्हणून सुटी मागायची आणि खिडकीशी उभी राहायची. सर त्यांना हाकलायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कधी कुणावर आवाज न चढवलेला माणूस, खिडकीतल्या पोरांवर डाफरत होता.

एक दिवस चांगुणाने वर्गातच विचारलं.

"सर, आमाला का दावत न्हाई? आमी ब हाय म्हनून?"

सर म्हणाले, "तसं नाही गं. नाणं उडवलं होतं."

"आमचं नानं दर येळी असंच पडतं का?"

हे त्यांनी मला स्टाफरूममध्ये येऊन सांगितलं. डस्टर हातातच होतं. "मॅडम, मी वसतिगृहात असताना शाळेतले मास्तर कपाटाला कुलूप लावून आम्हाला काचेतून उपकरणं दाखवायचे. हात लावायचा नाही म्हणून. आणि मी आज पोरांना खिडकीतून हाकलतोय. हे कसलं विज्ञान शिक्षण?"

मी म्हणाले, "चार आठवड्यांचा प्रश्न आहे, सर. चाचणी झाली की दाखवा त्यांना सगळं."

बरोबरच होतं माझं म्हणणं, असं मला वाटतं अजूनही. त्यांनी मान हलवली. पण दुसऱ्या दिवशी तो काडीचा तराजू ब तुकडीत टांगलेला होता. बाकं भिंतीला लावली होती आणि सगळा वर्ग जमिनीवर गोल बसला होता. त्यानंतर चाचणीपर्यंत सरांनी ब ला सगळं करून दाखवलं. दाखवलं काय, त्यांच्याकडूनच करून घेतलं. मुलांनी घरून ताटं आणली, मडकी आणली. वर्गात इतका चिखल झाला की शिपाई हेडमास्तरांकडे तक्रार घेऊन गेला.

उत्तरचाचणी झाली. दोन्ही तुकड्यांच्या गुणांत सांगण्याजोगा फरक उरला नाही. टी मूल्य काही निघालं नाही. शास्त्राच्या भाषेत प्रयोग फसला होता.

सर आकडे घेऊन नगरला गेले आणि निमसे सरांना सरळ सांगितलं, नियंत्रित गट मी स्वतः बिघडवला. निमसे सरांनी कपाळाला हात लावला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ब तुकडीचे गुण थोडे उतरवून लिहा. तुमच्या गावाला चाचण्या तपासायला कोण येतंय? पंधरा दिवसांत टंकलेखन करून आणा, मी सही करतो."

"म्हणजे ब च्या मुलांना काही आलं नाही असं लिहू?"

"कागदावर हो."

हे निमसे सर एकटेच म्हणत होते असं नाही. सरांच्या बरोबरच्या एकाने तर शहरातल्या टायपिस्टकडून जुना प्रबंध शाळेचं नाव बदलून घेतला होता. तो पास झाला. चांगल्या श्रेणीत.

सरांनी गुण बदलले नाहीत. त्याऐवजी त्यांनी एक प्रकरण लिहिलं. ब तुकडीला आपण का शिकवलं, त्यामुळे प्रयोगाचं काय झालं, आणि तरीही मुलांच्या उत्तरांत काय बदललं, हे त्यात होतं. ते मी तपासलं. इतकं चांगलं गद्य मी पाठ्यपुस्तकातही फारसं वाचलेलं नाही. निमसे सरांनी ते पूर्ण वाचलं आणि म्हणाले, "मनापासून लिहिलंय तुम्ही. पण यावर सही केली तर माझीच चौकशी लागेल. पुढच्या वर्षी नवे गट घ्या, नीट करा."

पुढच्या वर्षी ब तुकडीच राहिली नाही. तपासणीला पट कमी भरला. निम्मी मुलं तोडीवर गेलेली, ती हजेरीला कुठून आणायची? तुकडी बंद झाली. राहिलेली मुलं अ मध्ये कोंबली. दोन गट करायला आता दोन वर्गच नव्हते. शिवाय संस्थेने एक नवे विज्ञान शिक्षक दिले आणि भिंगारदिवे सरांना पाचवी-सहावी मिळाली. शनिवारी निघून जातात म्हणून हेडमास्तरांचा राग होताच. सर शेजारच्या गावातल्या एका शाळेत परवानगी मागायला गेले. दिवाळीनंतर या म्हणाले. दिवाळीनंतर गेले, तेव्हा स्नेहसंमेलन झाल्यावर या म्हणाले. मग परीक्षा आल्या.

चांगुणाही गेली. प्रयोग झाला त्या वर्षीच्या वैशाखातच आईबाप तोडीवरून आले आणि तिचं लग्न ठरलं. सर तिच्या घरी गेले. रंगुबाई उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, "सर, तुमचं खरं हाय. पन आईबाप सा-सा म्हयने न्हाईत, म्या म्हातारी, डोळं गेल्यालं. ल्हानी पोर कुनाच्या जिवावर ठिवू?" सर चहा घेऊन परत आले. पुढच्या हंगामात चांगुणा नवऱ्याबरोबर कोयता घेऊन गेली, राहुरीच्या बाजूलाच कुठेतरी. माझ्या माहेरच्या उसात.

सत्त्याण्णवच्या एप्रिलमध्ये वस्तीत जयंती होती. मला बोलावणं होतं म्हणून मी गेले होते. मंडप, निळ्या पताका, समोर सतरंजीवर बायका, त्यात पुढेच बनाबाई नवं लुगडं नेसून बसलेल्या. पोरांनी पत्रिका छापली होती आणि त्यात प्रमुख वक्ते म्हणून नाव होतं, भीमराज भिंगारदिवे, एम.एड. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलाने माइकवरून तसंच पुकारलं. टाळ्या पडल्या. सर उठले, पत्रिका घेऊन माइकजवळ गेले. मग म्हणाले, "पत्रिकेत चूक आहे. मी एम.एड. नाही. लेखी पास झालो, प्रबंध मान्य झाला नाही. आज या दिवशी या जागेवर उभं राहून खोटं नाव लावणं मला जमणार नाही."

कुणाला काय करावं कळेना. एक-दोघांनी टाळ्या वाजवल्या आणि थांबले. तेवढ्यात पुढून बनाबाईंचा आवाज आला, माइक नसतानाही सगळ्यांना ऐकू गेला.

"मंग एवडी वर्सं रैवारी कुटं जात हुतास रं?"

लोक हसले. वाईट हेतूने नव्हे, पण हसले. सरही हसल्यासारखं करून दहा मिनिटं काहीतरी बोलले आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी बनाबाई माझ्या खोलीवर आल्या. याआधी कधी आल्या नव्हत्या. दारातच बसल्या. मी आत या म्हटलं, चहा ठेवला.

"बाई, खरं सांगा. त्याला नापास क्येलं का त्यानंच सोडलं?"

मी जमेल तसं सांगितलं. आकडे खोटे लिहायला सांगितले होते, त्यांनी लिहिले नाहीत. मला वाटलं, आईला अभिमान वाटेल.

बनाबाई बशीतला चहा तसाच धरून बसल्या. मग म्हणाल्या, "लिवायचं हुतं की. आकडंच तर हुतं. लोकांनी काय काय लिवलं आन् कुटल्या कुटं ग्येली." बशी खाली ठेवून म्हणाल्या, "म्या खडी फोडली ती काय रैवारी येष्टीत बसायसाटी?"

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आता येत नाही.

त्या पुढच्या थंडीत बनाबाई गेल्या. मायलेकांचं बोलणं तुटलं नव्हतं, पण पहिल्यासारखं उरलं नव्हतं, असं सरांच्या पत्नी मुक्ताबाई मला म्हणाल्या. जेवायला वाढताना आई त्यांच्याकडे बघायची नाही. सर बसून राहायचे.

अठ्ठ्याण्णवमध्ये ते एकदा शेवटचे नगरला जाऊन आले. निमसे सर निवृत्त झाले होते. कार्यालयातल्या बाईंनी सांगितलं की नोंदणीची मुदत संपली, अभ्यासक्रमही बदललाय, पुन्हा पहिल्यापासून प्रवेश घ्यावा लागेल. चांगल्या शब्दांत सांगितलं, पाणीही दिलं. सर तसेच स्टँडवर आले. रात्रीची गाडी मिळेल म्हणून नातेवाइकाकडे न थांबता बसून राहिले.

"परत घालणार का नाव?" मी विचारलं होतं.

"नाही, मॅडम. आता मला विचारावंसंच वाटत नाही मुलांना काही. ते काय सांगतील, आणि मग मी त्याचं काय करू?"

पाचवीच्या वर्गात ते हल्ली पुस्तक वाचून दाखवायचे. मुलं शांत असायची. हेडमास्तर म्हणायचे, सर आता सुधारले.

नव्व्याण्णवच्या जूनमध्ये माझी बदली राहुरी तालुक्यात झाली. जिच्यासाठी मी आठ वर्षं अर्ज करत होते ती बदली. सर मला सोडायला कर्जतच्या स्टँडपर्यंत आले. ट्रंक त्यांनीच गाडीत चढवली. मी म्हणाले, "मुलाखतींचं ते सगळं कुठेतरी छापायला पाठवा. मी लिहून देते चांगल्या अक्षरात."

"बघू," ते म्हणाले. म्हणजे नाही, हे मला कळलं.

गाडी सुटायला वेळ होता. ते खिडकीखाली उभे होते. त्यांनी विचारलं, तिकडे शाळा घरापासून किती लांब आहे. मी म्हणाले, चालत जाण्यासारखी आहे. "मग बरं झालं," ते म्हणाले. कंडक्टरने दार ओढलं. त्यांना साडेअकराच्या तासाला परत पोचायचं होतं. गाडी वळली तेव्हा ते माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये मागच्या बाजूला, पाय बाहेर सोडून बसलेले दिसले.